एक घंटी आणि दोन घंट्या

दिवाळीच्या चार दिवसांत आमच्या पारोळ्याच्या घरात माणसांपेक्षा आवाज अधिक असतात. धाकटा भाऊ धुळ्याहून येतो, बहीण जळगावहून, पुतण्या पुण्याहून. आणि फराळाची ताटे पुढे आली की सगळे एकदमच बोलू लागतात. कुणी कापसाच्या भावाबद्दल, कुणी मुलीच्या स्थळाबद्दल, कुणी चकलीच्या मोहनाबद्दल. कोण कुणाला सांगतो आहे आणि कोण ऐकतो आहे, याचा काही पत्ता लागत नाही. गेल्या दिवाळीत असाच गलका चालला असता पुतण्या हसून म्हणाला, "काका, आपल्या घरापेक्षा मोटारीत शिस्त जास्त असते."

मला वाटले, तो मोटारीत बसलेल्या माणसांबद्दल बोलतो आहे. पण त्याच्या बोलण्याचा रोख मोटारीच्या अवयवांकडे होता. पुण्याला त्याची नोकरीच ही. मोटारीचे निरनिराळे भाग एकमेकांशी काय बोलतात, केव्हा बोलतात आणि बोललेले वेळेवर पोचते की नाही, हे तो तपासतो. या कामाचा कुणाला पगार मिळत असेल, असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. मी म्हणालो, "अरे, चाकाला ब्रेकशी बोलायचे असते तरी काय?" त्याने शेवेची ताटली बाजूला सारली, कॅलेंडरचे जुने पान उलटे केले आणि त्यावर दोन रेघा ओढल्या. त्या अर्ध्या तासात मी जे शिकलो, ते मोटारीबद्दल थोडे आणि माणसाबद्दल पुष्कळ होते. म्हणून ते इथे सांगावेसे वाटते.

आजच्या साध्यासुध्या मोटारीतही डझनावारी लहान लहान संगणक असतात. एक इंजिनावर लक्ष ठेवतो, एक ब्रेकवर, एक चाकांच्या फिरण्यावर, एक अपघाताच्या वेळी फुगणाऱ्या पिशवीवर. पूर्वी यांतल्या प्रत्येक जोडीसाठी वेगळी तार घालीत. तारांचा असा गुंता झाला की मोटार म्हणजे सुताची गुंडी व्हायची वेळ आली. तेव्हा जर्मनीतल्या बॉश कंपनीच्या अभियंत्यांनी एक तोड काढली. १९८६ साली अमेरिकेत डेट्रॉइटच्या एका परिषदेत त्यांनी ती जगापुढे मांडली. तिचे नाव 'कॅन'. एकमेकींभोवती पिळलेल्या दोनच तारा, आणि सगळ्यांनी त्यांवरूनच बोलायचे. म्हणजे आमच्या ओसरीसारखेच की! एकच जागा आणि बोलणारे पन्नास.

फरक एवढाच, की तिथे बोलण्याचे नियम ठरलेले आहेत. तार मोकळी असेल तर कुणीही बोलावे. दोघांनी एकाच क्षणी तोंड उघडले, तर मात्र निवाडा व्हावा लागतो. प्रत्येक निरोपाच्या आरंभी एक आकडा असतो. आकडा जितका लहान, तितका निरोप निकडीचा. बोलता बोलता प्रत्येक जण तारेकडे कान देऊन असतो. आपण जे बोललो त्याहून निराळे काही तारेवर ऐकू आले, की तो ओळखतो, आपल्याहून निकडीचे कुणीतरी बोलते आहे. आणि तत्काळ गप्प होतो. ज्याचे काम महत्त्वाचे, त्याचा एक शब्दही वाया जात नाही. त्याला पुन्हा पहिल्यापासून बोलावे लागत नाही. गप्प झालेला रुसत नाही, तार मोकळी झाली की पुन्हा प्रयत्न करतो. हे ऐकताना मला आमच्या गावच्या कितीतरी सभा आठवल्या. बोलताना ऐकणे ही गोष्ट तारेला साधली; आम्हांला अजून साधायची आहे.

मी विचारले, "एवढी घाई कशाची? मागाहून सांगितले तर चालत नाही का?" पुतण्या म्हणाला, "काका, ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे सतरा मीटर पुढे जाते. ब्रेकचा निरोप अर्धा सेकंद उशिरा आला, तर तो खरा असूनही खोटा. मधल्या वेळात मोटार आठ मीटर गेलेली असते, आणि त्या आठ मीटरांत कुणीतरी उभे असू शकते." व्हिएन्नाच्या तांत्रिक विद्यापीठात हेर्मान कोपेट्झ नावाच्या प्राध्यापकांनी तर याहून कडक व्यवस्था उभी केली. तिच्यात प्रत्येकाची बोलण्याची वेळ आधीच नेमून दिलेली असते. आपल्या वेळेला कुणी बोलला नाही, की बाकीचे समजतात, याचे काहीतरी बिघडले. रात्री गस्तवाल्याची आरोळी ऐकू आली की आपण कूस बदलून झोपतो आणि ती चुकली की जागे होतो, तसेच हे.

इथवर मी कौतुकाने ऐकत होतो. पण पुतण्याने पुढच्या दोन गोष्टी सांगितल्या आणि माझ्या हातातला करंजीचा तुकडा हातातच राहिला.

पहिली गोष्ट अशी. तारेवर चाललेल्या निरोपात काही खोट आहे असे ऐकणाऱ्यांपैकी कुणा एकाला जरी वाटले, तरी त्याने मध्येच ओरडावे. त्याचे ओरडणे सर्वांवर वरचढ ठरते. सगळे तो निरोप टाकून देतात आणि बोलणाऱ्याला तो पुन्हा सांगावा लागतो. लहानमोठा हा भेद नाही. थांबवण्याचा अधिकार सर्वांना सारखा.

दुसरी गोष्ट त्या फुगणाऱ्या पिशवीची. टक्कर झाली असे एका तपासनिसाने सांगितले, तेवढ्यावर ती फुगत नाही. दुसऱ्या, वेगळ्या ठिकाणी बसवलेल्या तपासनिसाचीही साक्ष लागते. कारण ती एकदा फुगली की परत घडी करून ठेवता येत नाही. आणि विनाकारण फुगली, तर वाचवायच्या ऐवजी मारायची.

"म्हणजे थांबायला एक घंटी, आणि निघायला दोन," मी नकळत बोलून गेलो. पुतण्याला काही उमगले नाही. त्याला उमगण्यासारखे नव्हतेच. मी साठ वर्षे मागे गेलो होतो.

१९६५ च्या सुमाराची गोष्ट. मी नऊ वर्षांचा होतो. आईबरोबर एरंडोलला मामाकडे चाललो होतो. त्या काळच्या गाडीत छताखालून एक दोरी मागून पुढपर्यंत गेलेली असे आणि तिच्या टोकाला, चालकाच्या डोक्याशी, घंटी. कंडक्टरने दोरी एकदा ओढली की गाडी थांबे, दोनदा ओढली की निघे. खाकी कपडे, खांद्याला कातडी पिशवी, हातात तिकिटाला भोक पाडायचा चिमटा, आणि डोक्यावर ती दोरी! राजदंड म्हणून याहून मोठे काही मला तेव्हा ठाऊक नव्हते.

एरंडोलच्या अलीकडे एका फाट्यावर गाडी थांबली. कुणाचे तरी पोते टपावर होते, ते उतरवायला कंडक्टर मागच्या शिडीवर चढला. एक म्हातारी बाई गाठोडे सांभाळीत दाराच्या पायरीवरून उतरत होती. मी बाकावर उभा होतो. दोरी माझ्या हाताशी आली. मनात काही वाईट नव्हते. उलट फार मोठे काम आपल्या हातून होते आहे, असा आनंदच होता. मी दोरी दोनदा ओढली. अगदी कंडक्टर ओढी तशीच, तेवढेच अंतर ठेवून.

गाडी निघाली. बाहेर किंकाळी ऐकू आली. कुणीतरी धडपडत उठून एकदा दोरी ओढली आणि गाडी थांबली. म्हातारी रस्त्यावर पडली होती. मनगट सुजून आले होते, गाठोड्यातले दाणे मातीत सांडले होते. कंडक्टर शिडीवरून कसा उतरला, देव जाणे. त्याने तिला उचलले, आपल्या रुमालाने तिचा हात गळ्यात बांधला. मग गाडीत एकच प्रश्न उठला, "घंटी कोणी मारली?"

मी गप्प. माझ्या शेजारचे गप्प. त्यांनी पाहिले होते की नाही, हे मला आजही माहीत नाही. चालक एवढेच म्हणाला, "मी दोन ऐकल्या, मी निघालो." यात त्याची काय चूक? घंटीला चेहरा नसतो. ती कुणाच्या हाताची, हे विचारीत बसला असता तर गाडी कधी चाललीच नसती. अखेर कंडक्टर म्हणाला, "दोरी माझ्या ताब्यातली. चूक माझी." एरंडोल येईपर्यंत लोकांनी त्याला जे बोलून घ्यायचे ते बोलून घेतले. तो तिकिटांचा हिशेब करीत राहिला. म्हातारीला त्याने एरंडोलला स्वतः दवाखान्यात पोचवले. पण त्याआधी, आम्ही गाडीतून उतरताना, तो माझ्याशी खाली वाकला आणि आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "एक घंटी कोनीबी मारावी रे भो. दोन माराच्या, तर आधी दाराकडे पाहावं."

त्याने ओळखले होते. त्या वाक्यात राग नव्हता, ताकीदही नव्हती. म्हणूनच ते इतकी वर्षे टिकले. रागाचे बोल माणूस परतवून लावतो. असे बोल परतवता येत नाहीत.

थांबायला एक आणि निघायला दोन, असे का? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. उलट असते तर काय झाले असते? दोनांतली एक घंटी कुणाला ऐकू आली नाही, दोरी मध्येच अडकली, तर 'थांब' चे 'चल' झाले असते. आता तसे होत नाही. अर्धवट पोचलेला निरोप 'थांब' असाच ऐकू येतो. चुकायचेच असेल तर थांबण्याकडे चुकावे, अशी ही योजना आहे. थांबण्याने वेळ जातो. चालण्याने जीव जाऊ शकतो. गेलेला वेळ पुढच्या रस्त्यावर थोडाफार भरून काढता येतो.

आमच्या खानदेशात हे शहाणपण मोटारीहून जुने आहे. आश्विनात पारोळ्याला बालाजीचा रथ निघतो, कार्तिकी एकादशीला जळगावला रामाचा. त्या अवाढव्य लाकडी रथाला ब्रेक नाही आणि सुकाणूही नाही. ओढणारे शेकडो, आणि त्यांना मागचे दिसत नाही. रथाला वळवणे आणि थांबवणे हे मोगरीवाल्यांचे काम. हातात लाकडाची मोगरी घेऊन ते चाकाच्या अगदी जवळून चालतात, आणि नेमक्या क्षणी ती चाकाखाली सारतात. एक क्षण आधी सारली तर रथ भलतीकडे वळेल. एक क्षण उशीर झाला तर कुणाच्या तरी पायावरून जाईल. त्यांतल्या एका वृद्ध मोगरीवाल्याने मला एकदा अहिराणीत सांगितले होते, "वढनारा मुकला शेतस, भाऊ, थांबाडनारा चारच." ओढणारे पुष्कळ, थांबवणारे चौघेच. जयजयकार ओढणाऱ्यांचा होतो. पण उत्सव पार पडतो तो त्या चौघांवर.

आता एका दुःखद गोष्टीकडे वळणे भाग आहे. दिवाळीच्या अंकात ती नको, असे कुणी म्हणेल. पण ती आमच्याच जिल्ह्यात घडली आहे, आणि तिच्यावाचून माझे म्हणणे पुरे होत नाही. २२ जानेवारी २०२५ च्या संध्याकाळी पाचोऱ्याजवळ, परधाडे स्थानकाच्या परिसरात, लखनौहून मुंबईला निघालेल्या पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची आवई उठली. साखळी ओढली गेली. गाडी थांबली. घाबरलेली माणसे रुळांवर उतरली, आणि शेजारच्या रुळावरून दिल्लीकडे जाणारी कर्नाटक एक्स्प्रेस आली. किमान बारा माणसे प्राणास मुकली. पुष्पकच्या चालकाने धोक्याचा लुकलुकता दिवा लावला होता, तो पाहून दुसऱ्या चालकाने ब्रेकही लावले होते, असे रेल्वेकडून सांगण्यात आले. पण तिथे रूळ वळणाचा आहे. दिवा खरे सांगत होता, पण ते पाहून थांबायला जेवढे अंतर लागते तेवढे उरले नव्हते. आणि आग? आग नव्हतीच.

साखळी ओढणाऱ्याला मी दोष देणार नाही. धूर दिसला, ठिणगी दिसली, नुसता वास आला, तरी साखळी ओढावी. ती एक घंटी आहे आणि ती संशयावर मारायचीच असते. पण 'आग' या एका शब्दात त्या दिवशी दोन हुकूम होते. एक 'थांबा' आणि दुसरा 'उड्या मारा'. पहिल्याला संशय पुरे होता. दुसऱ्याला आणखी एक साक्ष हवी होती. आग कुठे आहे? कुणी डोळ्यांनी पाहिली? कोणत्या बाजूला उतरायचे? गर्दीतला शब्द हे विचारू देत नाही. तो घंटीसारखाच असतो, त्यालाही चेहरा नसतो. मरणाच्या भयाने जे उतरले त्यांच्याजवळ विचाराला सवड नव्हती. म्हणून विचाराचा सगळा भार पडतो तो त्यांच्याहून आधीच्या माणसावर, ज्याच्या तोंडून तो शब्द प्रथम निघाला त्याच्यावर. ऐकणाऱ्याला तपासायला वेळ नाही, अशा जागी बोलणाऱ्याने दुप्पट तपासले पाहिजे. वेगाच्या जगातला सत्याचा नियम मला एवढाच दिसतो.

यावर कुणी विचारील, आणि विचारावेच, की थांबवण्याचा अधिकार सर्वांना दिला तर उद्या कुणीही उठून विनाकारण साखळी ओढील. मग गाडी पोचायची केव्हा? हा प्रश्न अभियंत्यांनाही पडला होता. तारेवर अखंड बडबडणाऱ्या, दुसऱ्या कुणाला बोलूच न देणाऱ्या बिघडलेल्या यंत्राला त्यांनी त्यांच्या भाषेत 'बडबडा वेडा' असेच नाव दिले आहे. त्याच्यावर त्यांनी काढलेला उपाय ऐकून मला आपल्या शास्त्रकारांची आठवण झाली. प्रत्येक यंत्र स्वतःच्या चुकांचा हिशेब स्वतःच ठेवते. आपण पाठवलेल्या निरोपात चूक निघाली की साधारणतः आठ गुण दोषाचे चढतात, निरोप बिनचूक गेला की एक उतरतो. दोष १२७ च्या पुढे गेला, की दुसऱ्यांचे बोलणे मोडण्याचा हक्क जातो. २५५ च्या पुढे गेला, की ते यंत्र आपण होऊन तारेवरून बाजूला होते. त्याला कुणी हाकलत नाही. एका चुकीला आठ आणि एका बरोबरला एक! विश्वास गमावणे आणि कमावणे यांचा हाच भाव आपल्या संसारातही चालतो. फक्त आपण तो कागदावर मांडीत नाही.

तरीही या व्यवस्थेत एक उणीव राहिलीच, आणि ती माझ्या ओळखीची निघाली. निरोप बिनचूक आहे की नाही हे तार तपासते. तो कुणी पाठवला हे विचारीत नाही. घरात फक्त घरचेच बोलतात, असे तिने गृहीत धरलेले असते. २०१५ साली चार्ली मिलर आणि ख्रिस व्हालासेक या दोन अमेरिकन संशोधकांनी घरी बसून, मैलोगणती दूर हमरस्त्यावर धावणाऱ्या एका जीपच्या तारेवर आपले निरोप सोडले. धोका दाखवून देण्यासाठीच त्यांनी हे केले होते. काचेवरचे वायपर चालू झाले, आणि पुढे तर पायाखालचा वेगच निघून गेला. त्यानंतर चौदा लाख वाहने दुरुस्तीसाठी परत बोलवावी लागली. त्या तारेवर त्यांचा प्रत्येक शब्द व्याकरणशुद्ध होता. माझ्या दोन घंट्याही व्याकरणशुद्धच होत्या. अंतर बरोबर होते, संख्या बरोबर होती. चुकीचा होता तो फक्त हात. आणि त्या हाताने दाराकडे पाहिले नव्हते.

पुतण्या म्हणतो, आता निरोपाबरोबर पाठवणाऱ्याची खूणही जोडू लागले आहेत. चांगले आहे. पण मला वाटते, खूण पटली तरी काम संपत नाही. त्या दिवशी "घंटी कोणी मारली" या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ होते आणि मी ते दिले नाही. माझी दुसरी चूक ही, आणि ती पहिलीहून मोठी. पहिली नऊ वर्षांच्या पोराच्या उत्साहाने झाली. दुसरी मी समजून केली. माझ्या एका शब्दाने कंडक्टरची बोलणी वाचली असती. तो शब्द तेव्हाच बोलायचा होता. आज मी तो इथे लिहितो आहे. म्हातारी गेली असणार, कंडक्टरचा पत्ता मला कधी लागला नाही, आणि आई जाऊनही बरीच वर्षे झाली. उशिरा आलेला निरोप तारेवर टाकून देतात. माणसाला तसे टाकता येत नाही; तो बाळगावा लागतो. एवढेच, की ज्याचा तो होता त्याला तो मिळत नाही.

भाऊबीज झाली आणि पाहुणे परतू लागले. पुतण्याच्या सात वर्षांच्या मुलीला एस.टी.नेच जळगावला आत्याकडे जायचे होते, म्हणून मी सोडायला स्थानकावर गेलो. गाडी भरली. कंडक्टर दाराशी आला. एक माणूस पिशव्या घेऊन धावत येत होता, त्याला त्याने आत घेतले, दार ओढले, खिडकीतून एकदा मागे आणि एकदा पुढे पाहिले. नातीने खिडकीतून विचारले, "आजोबा, तो काय बघतोय?"

"दार," मी म्हणालो.

मग दोन घंट्या ऐकू आल्या, आणि गाडी निघाली.